हे जोडे आमचे न्हाईत

माझ्या वडिलांवर खुनाचा खटला चालला, तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. त्यामुळं आमच्या घरात एकीकडं शेवया वळणं चाललं होतं आणि दुसरीकडं वकिलाकडं खेपा. माय शेवया वळता वळता रडायची. कशापायी रडतेस असं कुणी विचारलं, तर तिलाही नक्की सांगता यायचं नाही.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीजवळचं. राज्य निजामाचं. फौजदाराला अमीन म्हणायचे, कोर्टाला अदालत, आणि अदालतीतलं सगळं लिहिणं उर्दूत. म्हणजे आपण काय गुन्हा केला आहे, हे माणसाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. उंचेपुरे, आवाज असा की बांधावरून बोलले तर घरात कालवण हलायचं. त्यांच्या तोंडी एकच वाक्य कायम असायचं, "मुडदा पाडीन." बैल नीट उभा राहिला नाही की बैलाला, भाकरी करपली की मायला, पाऊस लांबला की वर आभाळाकडं बघून. पाहुण्यानं दुसऱ्यांदा वाढून घ्यायला नको म्हटलं, तर पाहुण्यालासुद्धा. प्रत्यक्षात त्यांनी कधी साप मारला नव्हता. साप निघाला की शेजाऱ्याला हाक मारायचे, "लवकर ये, न्हाई तर मुडदा पाडीन." शेजारी येऊन साप मारायचा आणि चहा पिऊन जायचा.

दादांचं दुसरं वेड म्हणजे जोडे. ते समजायला आमच्या गावची रीत सांगावी लागेल. गावात जोडे करणारा एकच, आणि त्याच्याकडं मापं दोनच, एक थोराचं आणि एक पोराचं. सगळे शेतकरी सुगीनंतर त्याला धान्य द्यायचे आणि तो सगळ्यांना सारखेच जोडे करून द्यायचा. पाय जोड्यात बसवायचा असतो, जोडा पायाला बसवायचा नसतो, असं त्याचं म्हणणं. एकादशीला मारुतीच्या देवळात भजन व्हायचं. भजन संपलं की मंडळी अंधारात पायऱ्या उतरायची, पाय चाचपडायचे, आणि ज्याच्या पायात जे जातील ते घालून तो घरी जायचा. पुढच्या एकादशीला पुन्हा तसंच. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. "फिरून फिरून आपल्याच पायात येतील की," असं म्हणायचे. काही जोडे तर वर्षभर सगळं गाव हिंडून मालकाकडं परत यायचे, आणि मालक त्यांना ओळखायचा नाही.

दादांना मात्र हे खपत नसे. त्यांच्या उजव्या पायावर एकदा बैलानं पाय दिला होता. करंगळीच्या बुडाचं हाड कायमचं वर आलं होतं. नवा जोडा तिथं महिनाभर चावायचा, मग कातड्याला फुगा यायचा आणि जोडा दादांचा व्हायचा. इतक्या कष्टानं मऊ केलेला जोडा दुसरा कुणी घालून गेला की दादा अनवाणी घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली फिरून आपला फुगा हुडकायचे. पारावर बसून सांगायचे, "ह्या गावात मी एकटा माणूस हाय, जो आपल्या पायतानात देवळात जातो आन् आपल्याच पायतानात घरी येतो. बाकी समदे चोर." लोक हसायचे. दादा म्हणायचे, हसा, एकेकाचा मुडदा पाडीन.

आमच्या शेताला लागून एकाचं शेत होतं. तो आणि दादा यांच्यात बांधावरून भांडण. दरवर्षी तो बांध थोडासा आमच्याकडं सरकायचा, म्हणजे असं दादा म्हणायचे. तो म्हणायचा, बांध त्याच्याकडं सरकतो. बांध कुठंच जात नसे, हे दोघं सोडून सगळ्यांना दिसायचं. माणूस तसा वाईट नव्हता, पण शिंदी प्यायचा. माझ्या लग्नाची बोलणी झाली त्याच आठवड्यात चावडीवर दोघांची जुंपली आणि दादा सगळ्या गावासमोर त्याला म्हणाले, "तुझा मुडदा पाडीन." त्या दिवशी हे वाक्य ऐकणारा तो एकटाच नव्हता. दादांनी त्याच दुपारी ते पटवाऱ्याला आणि एका म्हशीलाही ऐकवलं होतं.

मग एकादशी आली. तो भजनाला आला नाही. बारशीच्या सकाळी स्वतःच्याच विहिरीत सापडला. डोक्याला खोक पडलेली. कुणी म्हणालं प्यायला होता, तोल गेला. कुणी म्हणालं मारून ढकलला. त्याची बायको विहिरीच्या काठावर बसून राहिली होती, तिला उठवता उठवत नव्हतं. मीही बायकांबरोबर तिथं गेले होते. तिचा तो चेहरा आठवला की पुढची सगळी गंमत सांगताना अजूनही मला शरम वाटते.

अमीनसाहेब आले. विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं तिथं, चिखल होता आणि त्यात जोड्यांचे ठसे. डाव्या टाचेला ठिगळ लावलेलं, ते चिखलात स्पष्ट उठलं होतं. अमीनसाहेबांनी गवताच्या काडीनं मापं घेतली, ती काडी रुमालात गुंडाळली, आणि "याचं कुणाशी भांडण होतं?" असं विचारलं. गावानं एका सुरात आमच्या घराकडं बोट दाखवलं.

आमच्या दारात जोडे काढून ठेवलेले होते. डाव्या टाचेला ठिगळ.

आता हे जोडे दादांचे नव्हते. सकाळी अंगण झाडताना मी ते पाहिले होते. उजव्या जोड्याला फुगा नाही, टाचेला परकं ठिगळ. मला हसूच फुटलं होतं. जन्मभर गावाला चोर म्हणणारा माझा बाप एकादशीच्या अंधारात दुसऱ्याचे जोडे घालून आला होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. झोपेच्या गुंगीत पाय अर्धेच अडकवून आला असणार. जेवताना त्यांची चांगली फिरकी घ्यायची असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात विहिरीकडून ओरड आली.

अमीनसाहेबांनी विचारलं, "हे जोडे कोणाचे?"

दादा बाहेर आले. त्यांनी जोड्यांकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता सांगतील. पण अमीनसाहेबांच्या मागं अर्धं गाव उभं होतं, तेच गाव ज्याला ते पारावर बसून चोर म्हणायचे. दादांनी मान ताठ केली.

"माझ्या दारात हाइत म्हणल्यावर माझेच की."

"घालून दाखव."

दादांनी दात आवळून उजवा पाय आत कोंबला. हाड आत जाईना. ते जागच्या जागी एकदा उडाले, कपाळावर घाम आला, पण पाय गेला. "बराबर बसतो," म्हणाले. अमीनसाहेबांनी तसं लिहून घेतलं, गावातल्या तिघा पंचांच्या त्यावर सह्या घेतल्या आणि दादांना जालन्याला नेलं. पाय जोड्यात सुजला होता, त्यामुळं टाचेवर ठिगळ मिरवत, लंगडत गेले.

माझ्या सासरची मंडळी जालन्याची. मुलगा शाळामास्तर. त्यांचा निरोप आला, निकाल लागेपर्यंत हळद थांबवू. मायनं त्यांना दुसऱ्या दिवशी शेवया पाठवल्या, का ते कुणालाच कळलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. खुनी माणसाला व्याही म्हणून मिठी मारायची तर जरा विचार करावाच लागतो.

वकील मिळाले ते जालन्यातले एक बुटके, तपकीर ओढणारे गृहस्थ. काका, माय आणि मी त्यांच्याबरोबर दादांना भेटायला तुरुंगात गेलो. वकीलसाहेब म्हणाले, "सगळा पुरावा अवतीभवतीचा आहे. पाहिलं कुणीच नाही. तुम्ही नुसतं एवढं सांगा की जोडे तुमचे नाहीत."

"माझेच हाइत," दादा म्हणाले.

"अहो, त्यानं फाशी होईल."

"होऊ द्या. सारी हयात मी गावाला सांगत आलो, मी माझ्याच पायतानात घरी येतो. आता फासावर जाताना काय सांगू, दुसऱ्याचे घालून आल्तो म्हणून? खुनी म्हणा. जोडेचोर म्हणू नका."

वकीलसाहेबांनी तपकिरीची चिमूट ओढली. "फासावर जाताना जोडे बाहेरच काढून ठेवावे लागतात," ते शांतपणे म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "मुली, तुला काही माहीत आहे का?"

मी सांगितलं. फुग्याचं, हाडाचं, ठिगळाचं.

"अदालतीत सांगशील?"

गजाआडून दादा गरजले, "सांगून तर बघ. तुझा मुडदा..."

"बस," वकीलसाहेब म्हणाले. "हे वाक्य आजपासून बिलकुल बंद. तुमच्या तोंडून पुन्हा निघालं तर मी वकीलपत्र परत करीन."

दादांनी तोंड मिटलं. त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. भेटायला गेलं की ते रागानं काही तरी बोलायला लागायचे, अर्ध्यावर थांबायचे आणि आवंढा गिळायचे. ते बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. दादा ते वाक्य बोलायचे तोवर ते दादा होते. आता गजाआड कुणी तरी भलताच, गप्प माणूस बसलेला होता.

खटला जालन्यात उभा राहिला. नाझिमसाहेब, म्हणजे मोठे जज्ज, दौऱ्यावर आले होते. पांढरी दाढी, झोपाळू डोळे. मराठी त्यांना बरीच समजायची. अदालतीचा चपराशी आमच्या गावकऱ्यांना दारात अडवून जोडे व्हरांड्यात काढायला लावायचा. दोन गाड्या भरून गाव आलं होतं, त्यामुळं व्हरांड्यात आमच्या देवळासारखाच ढीग झाला होता. बायकांसाठी एका बाजूला सतरंजी होती. त्या सतरंजीच्या एका टोकाला मी आणि माय, दुसऱ्या टोकाला विहिरीत गेलेल्याची बायको. मधली जागा रिकामी.

अदालतीत दादांचं नाव मुलजिम, म्हणजे आरोपी. पहिला साक्षीदार धमकीचा. तो म्हणाला, "मुलजिम चावडीवर म्हणला, मुडदा पाडीन. म्या माझ्या कानानं ऐकलं."

आमच्या वकीलसाहेबांनी विचारलं, "तुम्हाला कधी असं म्हणाले का?"

"मला? मला तर रोज म्हणते की."

"मग तुम्ही जिवंत कसे?"

साक्षीदार विचारात पडला. ही गोष्ट त्याच्या कधी ध्यानातच आली नव्हती.

दुसरा अंघोळीचा. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की बारशीच्या पहाटे मुलजिमानं अंघोळ करून कपडे धुतले, म्हणजे रक्त धुतलं. साक्षीदार म्हणाला, "साहेब, हा माणूस सणावाराबिगर अंगाला पाणी लावत न्हाई. म्हणून मला शक आला." मायनं डोळे मिटून घेतले. खरं होतं, काय करणार.

"बारशीला उपास सोडायच्या आधी गावात कोण कोण अंघोळ करतं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"समदेच करते."

"तुम्ही केली?"

साक्षीदारानं इकडं तिकडं पाहिलं. "पाणी लई थंड होतं," तो म्हणाला.

डाक्तर म्हणाले, खोक काठीनंही पडू शकते आणि पडताना विहिरीचा दगड लागूनही. जीव रात्री कधी गेला ते नक्की सांगता येत नाही, भजनाच्या आधीही असेल, नंतरही. मग जोडे करणारा आला. ठिगळ त्यानंच लावलं होतं. कुणी आणून दिले होते, असं विचारल्यावर त्यानं दोन गावकऱ्यांची नावं घेतली, मग तिसऱ्याचं घेतलं, मग म्हणाला, "आणणारानंच सांगितलं, हे माझे न्हाईत पण सध्या माझ्या पायात हाइत. आता तो कोण होता ते याद न्हाई. गावात समदेच असं बोलते."

मग मला पुकारलं. गावात परक्या पुरुषासमोर मान वर न करणारी मी, शंभर पुरुषांसमोर उभी राहिले. मागच्या बाकावर एक सडपातळ तरुण, हातात टोपी धरून बसला होता. तो माझा होणारा नवरा, हे मला काकांनी नेमकं त्याच वेळी खुणेनं सांगितलं. काकांना वेळ कधीच कळली नाही.

टेबलावर ते जोडे ठेवले होते. मी दादांकडं पाहिलं. ते मान हलवत होते, नको नको म्हणून. खुनाच्या आरोपात उभा असलेला माणूस डोळ्यांनी विनवत होता की पोरी, माझी अब्रू घालवू नको.

"हे जोडे आमचे न्हाईत," मी म्हणाले. "दादांच्या पायाला हाड आल्यालं हाय. त्यांच्या जोड्याला फुगा ऱ्हातो. हे ते भजनातून दुसऱ्याचे घालून आल्ते. सकाळी झाडताना म्या पाहिलं, आन् मला हसू आल्तं."

मागं गावात खसखस पिकली. दादांनी खाली बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

सरकारी वकील उठले. त्यांनी साधाच प्रश्न विचारला. "तुझा बाप भजन संपल्यावर सरळ घरी आला, हे तू सांगू शकतेस?"

मी झोपले होते. दादा कधी आले मला माहीत नव्हतं. हो म्हणावं असं फार वाटलं. अगदी ओठांपर्यंत आलं. पण सतरंजीच्या त्या टोकाला ती बाई बसलेली होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाई," मी म्हणाले. "म्या झोपल्ते."

आणि हे म्हणताना पहिल्यांदाच माझ्या मनात आलं: नसतील आले सरळ घरी तर? ठिगळाचे जोडे पायात, डोक्यात बांधाचा राग, वाटेत त्याची विहीर. मुडदा पाडीन असं जन्मभर म्हणणारा माणूस एखाद्या दिवशी तसं करणारच नाही, हे कशावरून? बापाबद्दल असा विचार आला म्हणून मला माझीच शिसारी आली. पण तो आला तो आला, आणि जाईना.

सरकारी वकील म्हणाले, "हुजूर, जगात कोणताही माणूस आपले जोडे ओळखतो. आणि मुलजिमानं स्वतः कबूल केलं आहे."

आमचे वकीलसाहेब तपकीर झटकत उठले. म्हणाले, "हुजूर, ज्या तिघा पंचांनी हे जोडे मुलजिमाचेच असं सही करून दिलं, त्यांना फक्त व्हरांड्यात पाठवा. आपापले जोडे घेऊन येऊ द्या."

नाझिमसाहेबांचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडले. त्यांनी मान हलवली. चपराशी म्हणाला, "चलो, अपने अपने जोडे लेको आओ."

तिघे गेले. बाहेर बराच वेळ खुडबुड ऐकू येत होती. मग दोघे एकदम आत आले, दोघांच्या हातात एकेक जोडा. एकाच जोडीतला उजवा एकाकडं, डावा दुसऱ्याकडं. "हुजूर, ह्यो माझा." "माझा हाय, सोड." नाझिमसाहेबांसमोर दोघांची ओढाओढ सुरू झाली. तिसरा मागून आला. त्याच्या हातात पूर्ण जोडी होती आणि चेहऱ्यावर समाधान.

"हे तुझे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"न्हाईत," तो म्हणाला. "पर माझे दिसून न्हाई राह्यले. मंग ज्याचे हे हाइत त्यानंच माझे नेले असतील, म्हणून हे आणले."

हे तो इतक्या सरळपणानं म्हणाला की आमच्या गावातलं कुणी हसलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. हसले ते फक्त नाझिमसाहेब. त्यांनी दाढीवर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

निकाल उर्दूत वाचला. दादा कठड्याला धरून उभे होते. शेवटी त्यांनी वकीलसाहेबांना विचारलं, "फाशी का?"

"बरी, म्हणजे सुटलात. शुबह्याचा, संशयाचा फायदा."

"म्हंजे म्या केलं न्हाई, असं म्हणले ना?"

"तसं नाही म्हणाले. तुम्हीच केलं असं खात्रीनं म्हणता येत नाही, असं म्हणाले. त्या ठिगळाच्या जोड्यात त्या वेळी कुणाचा पाय होता, हे सांगता येत नाही. संध्याकाळी एखादा ते घालून विहिरीवर गेला असेल, मग देवळात आला असेल, आणि तुम्ही ते घालून घरी आला असाल."

दादांना संताप आला. "म्हंजे सुटलो ते जोडेचोर म्हणून?"

"हो," वकीलसाहेब म्हणाले. "जरा गप्प बसा आणि घरी जा."

आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा ती बाई वाटेत उभी राहिली. रडत नव्हती. तिनं दादांना विचारलं नाही, मला विचारलं. "मंग माझा मालक मारला कुणी?" तिच्या पायांकडं बघत मी बाजूला झाले. ते नाझिमसाहेबांनाही सांगता आलं नव्हतं.

घरी जाताना गाडीत दादा माझ्याशी बोलले नाहीत. पुढंही बोलले नाहीत. पाणी हवं असलं तर मायला म्हणायचे, "तिला म्हणावं, तांब्या दे." गावाचे दोन तट पडले. एक म्हणायचा, अदालतीनं खुनी सोडला. दुसरा म्हणायचा, अदालतीनं गाव ओळखलं. दोन्ही तट आमच्याकडंच येऊन चहा प्यायचे. पण एक गोष्ट झाली. एकादशीच्या भजनाला लोक अनवाणी यायला लागले. कारण हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं होतं: ठिगळाचे जोडे दादांकडं आले असतील, तर ते ज्याच्या पायात देवळात आले तो दादांचे फुग्याचे जोडे घालून गेला असणार. ज्याच्या घरात फुग्याचा जोडा सापडेल, त्याच्या गळ्यात खून. मग घरोघर लोकांनी आपापल्या जोड्यांचे फुगे तपासले. मोठाल्या पायाच्या एका आजोबांनी तर आपले धडधाकट जोडे चुलीत घातले.

माझ्या सासऱ्यांनी विचारलं म्हणे, भर अदालतीत बापाच्या विरोधात बोलणारी पोरगी घरात आणायची का. मास्तर म्हणाले, "विरोधात नाही, खरं बोलली." हे मला त्यांनी पुढं कितीदा तरी ऐकवलं, विशेषतः भाजीत मीठ जास्त झालेलं मी नाकबूल करायचे तेव्हा. हळद लागली.

लग्न आमच्या दारात. मांडव, वऱ्हाड, दोन्हीकडचे पाहुणे आणि आमचं गाव. एवढ्या पाहुण्यांसमोर अनवाणी कसं यायचं म्हणून त्या दिवशी सगळे जोडे घालून आले होते. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मुंडावळ्या बांधलेली मी उंबऱ्यापाशी बसले होते. समोर लिंबाखाली जोड्यांचा ढीग. आणि त्या ढिगाच्या कडेला मला दिसला तो फुगा. उजव्या पायाच्या करंगळीशी, कातडं वर आलेलं, वर पुसट भेग. ती भेग मीच तेल लावून मऊ केलेली होती.

दादा वाढप्यांवर लक्ष ठेवून उभे होते. मी हाक मारली. इतक्या महिन्यांत न बोललेले दादा आले, लेकीचं लग्न होतं म्हणून आले असतील. मी नुसतं बोट दाखवलं.

ते जोड्यांपाशी गेले. इकडं तिकडं पाहिलं. मग उजवा पाय जोड्यात घातला. दात आवळावे लागले नाहीत. पाय आपला घरी आल्यासारखा आत गेला. दादांनी पाय बाहेर काढला, आणि जोडा आधी होता तसाच नीट शेजारच्याला लावून ठेवला.

माझ्यापाशी येऊन म्हणाले, "माझे न्हाईत."

"दादा, ते हाड..."

"गावात समद्यांच्या पायाला हाडं हाइत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जोडे ह्याच्या पायातून त्याच्या पायात जाते, पोरी. ह्यानं कुणाचे घालून आणले, त्यानं कुणाचे, कुणाला ठाऊक? आमीन पुन्यांदा काडी घेऊन येईल. म्या गजाआड बसून आलो हाय. कुणाला बसवायला जाणार न्हाई."

आणि पंगत उठायच्या आधी ते लिंबाकडं पाठ करून उभे राहिले, ते जोडे कोण घालून जातो हे आपल्याला दिसू नये म्हणून. मला म्हणाले, "तूबी खाली बघ." मी खाली बघितलं. पायांचा, जोड्यांचा आवाज झाला, हसणं झालं, आणि वर बघितलं तेव्हा फुगा गेला होता.

अदालतीत माझ्या मनात शिरलेला विचार, जो महिनोन्‌महिने जेवताना, झोपताना मला सोडत नव्हता, तो तिथंच निघून गेला. ज्यानं खरंच केलं असतं त्यानं ते जोडे हाती लागल्यावर साऱ्या गावाला ओरडून गोळा केलं असतं. आपल्या मानेवरचा संशय दुसऱ्याच्या मानेवर टाकायची संधी कुणी सोडली नसती. आपल्या जोड्यांसाठी जन्मभर गावाशी भांडलेल्या माणसानं आपलेच जोडे परके म्हटले होते. नाझिमसाहेबांना जे सांगता आलं नाही ते मला कळलं, आणि कुणाला सांगायची गरज उरली नाही.

निरोपाच्या वेळी गाडी जुंपली. दादा वेशीपर्यंत अनवाणीच चालत आले. उन्हानं तापलेली वाट, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. वेशीपाशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काही बोलायला गेले, आवंढा गिळला. मग एकदम मास्तरांकडं वळले आणि साऱ्या वऱ्हाडासमोर बोट रोखून म्हणाले, "पोरीला नीट सांभाळा, न्हाई तर मुडदा पाडीन."

सासरे दचकून थांबले. मग गाडीवानालाच हसू आवरेना, मग आमच्या गावाला. मास्तरांनी टोपी काढून वाकून नमस्कार केला. मी मात्र पदरात तोंड घालून जालन्यापर्यंत रडत गेले. मास्तरांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडते. मी त्यांना खरं कारण पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. दादा परत आले होते.